पंचावन्न किलोचा रुपराव

रुपराव चढाईला निघाला की नागपूरच्या महाल भागातली पोरं कबड्डी मंडळाच्या भिंतीवर चढून बसायची. उंचीने तो बेताचाच होता, पण मांड्या भक्कम आणि दम असा लांबलचक की समोरच्या संघातली माणसं वाट पाहून कंटाळायची. मग एखादा उतावळा पुढे यायचा आणि तोच बाद होऊन बाहेर जायचा. मौद्याजवळच्या एका खेड्यातून हे कुटुंब नागपुरात आलं तेव्हा रुपराव शाळेतही जात नव्हता. बाप चंपतराव एका दाल मिलवर चौकीदार लागला आणि पोरगा बोळात कबड्डी खेळत वाढला. शिक्षण मॅट्रिकच्या दारापर्यंत गेलं आणि तिथूनच परत फिरलं. सव्वीस वर्षांचा घोडा झाला तरी तो हिंगण्याच्या एका कारखान्यात रोजंदारीवर लोखंडी पट्ट्या उचलत होता. सकाळी सायकलने जायचा आणि संध्याकाळी त्याच सायकलवरून थेट मैदानावर उतरायचा. लग्नाची बोलणी दोनदा होऊन मोडली होती. मुलीकडचे त्याच्या खेळाचं कौतुक करायचे, चहा प्यायचे आणि उठता उठता विचारायचे, पोरगा पर्मनंट आहे का? तो नव्हता.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत मंडळात बातमी येऊन थडकली. एका सरकारी खात्याला आपला कबड्डी संघ उभारायचा होता आणि त्या खात्याचे साहेब संक्रांतीच्या स्पर्धेत खेळाडू हेरायला बसणार होते. ज्याला उचलतील त्याला नोकरी, आणि तीही पक्की, थेट पेन्शनीपर्यंतची. बातमी ऐकून मंडळातल्या सगळ्यांनी एकाच माणसाकडे पाहिलं. आपली नोकरी, आपलं लग्न आणि आईबापाचं म्हातारपण सगळं एका संध्याकाळच्या खेळावर येऊन बसलंय, हे रुपरावला लख्ख कळलं.

अडचण एकच होती. आपल्याकडे तेव्हा कबड्डीच्या स्पर्धा वजनगटावर व्हायच्या आणि मंडळाचा संघ पंचावन्न किलोच्या गटातला. खेळाच्या दिवशी सकाळी लाकूडटालावरचा मोठा काटा मैदानात आणून टांगायचे. एका पारड्यात लोखंडी मापं, दुसऱ्यात खेळाडू, नुसत्या चड्डीवर, मांडी घालून. खेळाडूचं पारडं खाली गेलं की त्याने कपडे घालून घरी जायचं, मग तो कितीही मोठा खेळाडू असो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रुपराव टालावर जाऊन बसला. पारडं धप्पकन जमिनीला टेकलं. साडेसत्तावन्न.

आता अंगावरचं मांस कमी करायचं म्हटलं की नागपुरात सल्ल्याला तोटा नाही. ज्याला स्वतःच्या पोटावर धोतर टिकवता येत नाही तोही दुसऱ्याला पथ्य सांगतो. पहिला सल्ला आला मंडळाचे उस्ताद महादेवराव यांच्याकडून. गिरणीतून निवृत्त झालेला हा माणूस तरुणपणी आखाड्यात घुमलेला, मिशा अजून तेव्हाच्याच. त्यांचं म्हणणं, खाण्याला हात लावायचा नाही. दूध, तूप, बदाम चालूच ठेवायचे, कारण खाणं तोडलं की दम तुटतो. वजन म्हणजे अंगातलं पाणी, ते घामाने काढायचं. त्यांनी रुपरावला घोंगडी पांघरून अंबाझरीपर्यंत पळवायला सुरुवात केली. रुपराव पळायचा, घाम गाळायचा, परत येऊन तांब्याभर पाणी आणि वर उस्तादांच्या हुकुमाचं तुपाळ दूध प्यायचा, आणि काटा जिथे होता तिथेच राहायचा.

दुसरा सल्ला घरातूनच आला. पुढच्या खोलीत श्रीधर नावाचा भाडेकरू होता, शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात शिकणारा, चष्मा लावणारा आणि प्रत्येक वाक्यात एखादा इंग्रजी शब्द टाकल्याशिवाय चैन न पडणारा. त्याने रुपरावला कॅलरी समजावून सांगितली. माणूस खातो तेही मोजता येतं आणि खर्च करतो तेही. खर्चापेक्षा कमी खाल्लं की वजन उतरतं, अगदी बँकेतल्या शिलकीसारखं. बोलणं पटण्यासारखं होतं. मग त्याने पुस्तकातून काढून एक तक्ता दिला. दीड पोळी, उकडलेली भाजी, बिनतुपाचं वरण, संध्याकाळी एक संत्रं. पुस्तकातला तो तक्ता वसतिगृहात बसून अभ्यास करणाऱ्या पोरांसाठी होता. रुपरावची हिंगण्याची सायकल आणि लोखंडी पट्ट्या श्रीधरच्या हिशेबात आल्याच नाहीत. विचारायचं त्याला सुचलं नाही आणि सांगायचं रुपरावला सुचलं नाही.

वजन मात्र उतरायला लागलं. त्याचबरोबर रुपरावही उतरायला लागला. कारखान्यात हात थरथरायचे. मैदानात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणता म्हणता अर्ध्यावर आवाज फाटायचा. एका सकाळी हिंगणा रोडवर त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो सायकलसकट रस्त्याच्या कडेला झुडपात गेला. दोन्ही गुडघे फोडून घेऊन घरी आला तेव्हा त्याची आई, रुखमाबाई, तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी गुडघ्याला हळद लावली, पोराच्या गालफडाला हात लावून पाहिला आणि श्रीधरच्या खोलीकडे तोंड करून म्हणाल्या, की ज्याच्या घरी खाण्याची शिलक ठेवतात त्याच्या घरी ठेवा, माह्या घरी नाही.

त्या दिवसापासून रुपरावचं वजन रुखमाबाईंनी आपल्या हाती घेतलं.

रुखमाबाई देवभोळ्या होत्या, पण वेड्या नव्हत्या. त्यांनी विचार केला. पोराला कमी खायचं आहे आणि कमी खाल्लं की चक्कर येते. मग आपण आयुष्यभर उपास करतो, आपल्याला कधी आली का चक्कर? नाही. कारण उपास देवाच्या नावाने असतो. माणूस तक्त्याच्या नावाने उपाशी राहिला तर पडणारच, तिथे धरायला कोण आहे? तेव्हा रुपरावने उपास धरायचे. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मधल्या एकादशा आणि चतुर्थ्या वेगळ्या. वजनही उतरेल, पुण्यही लागेल आणि नोकरी द्यायला देवही बांधील राहील. ऐकणाऱ्याला यात खोट काढायला जागाच नव्हती. महादेवरावांनी मान डोलावली. श्रीधरने पुस्तकात पाहून सांगितलं की आठवड्यातून काही दिवस लंघन करणं शास्त्रालाही मान्य आहे.

आणि उपास सुरू झाले. सोमवारी सकाळी साबुदाण्याची उसळ, शेंगदाण्याचा कूट हाताला लागेल इतका आणि वरून तूप, कारण साबुदाणा कोरडा घशाखाली उतरत नाही. सोबत दही. दुपारच्या डब्यात भगर आणि दाण्याची आमटी, बटाट्याची तुपातली भाजी. संध्याकाळी मैदानावरून आला की शिंगाड्याचा शिरा, राजगिऱ्याचे लाडू, केळी आणि पोटाला आधार म्हणून मोठा पेला दूध. धान्याचा एक कण नाही. पोळी नाही, भात नाही, वरण नाही. रुखमाबाई स्वतः उपासाला एवढं करत नसत. त्या चहावर आणि मूठभर दाण्यांवर दिवस काढायच्या. पण पोरगा घाम गाळतो, त्याचा उपास कडक कसा ठेवायचा? त्याच्या उपासाला त्यांनी जीव ओतला.

रुपरावला तर स्वर्ग सापडला. चक्कर गेली, हात थरथरायचे थांबले, दम पुन्हा पहिल्यासारखा लांबला. मैदानात तो असा खेळायला लागला की महादेवराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, देवाचं काम वेगळंच. गुरुवारी संध्याकाळी ते मुद्दाम चौकशीच्या निमित्ताने घरी यायला लागले आणि शिऱ्याची वाटी घेऊन जायला लागले. श्रीधरनेही शनिवार धरला. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण त्या घरात सगळ्यांच्या तोंडी होती, शेजारच्या प्रयागबाईंना उद्देशून तर हमखास. पण म्हणी दुसऱ्यांसाठी असतात.

महिन्याने रुपराव आनंदाने टालावर गेला आणि पारड्यात बसला. साडेअठ्ठावन्न.

त्याने उतरून पुन्हा बसून पाहिलं. टालवाल्याने मापं पुसून ठेवली. काटा हलायला तयार नव्हता. रुपराव घरी आला तो डोकं धरूनच. खाल्लं तर वजन तसंच राहतं, सोडलं तर चक्कर येते, उपास केले तर वाढतं. हे कसलं अंग आहे? त्याला वाटलं, आपल्या शरीरात आपल्याला न सांगता कोणीतरी दुसराच राहतो आणि तोच सगळं ठरवतो. महादेवरावांना वेगळाच संशय आला. त्यांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, हिंगण्याला कारखान्यासमोर तर्री-पोहे हाणतोस की काय? रुपरावने मारुतीची शपथ घेतली. ती खरी होती, म्हणून तर त्याला जास्त लागली.

मग काटाच खोटा ठरला. रुपराव स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्रावर जाऊन उभा राहिला, नाणं टाकलं, रंगीत दिवे फिरले आणि कडक कार्ड बाहेर पडलं. बावन्न किलो, आणि मागे भविष्य: ‘आपल्या कष्टांचे चीज होईल.’ त्याने हर्षाने दुसरं नाणं टाकलं. एकसष्ट किलो, आणि ‘मित्रांपासून सावध राहा.’ तो दोन्ही कार्डं हातात धरून फलाटावर बराच वेळ उभा होता. त्यातलं कुठलं खरं मानावं, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं.

रुखमाबाईंनी मात्र निदान केलं. उपास कमी पडताहेत. त्यांनी मंगळवार आणि शुक्रवारही धरायला लावले. मार्गशीर्ष सरता सरता रुपराव जवळजवळ रोजच उपाशी होता आणि एकोणसाठ किलोचा झाला होता.

संक्रांत आठवड्यावर आली तेव्हा महादेवरावांनी देवालाही बाजूला सारलं. उपास बंद, खाणं बंद, पाणी घोटभर. कारखान्यात खाडे करून रुपराव दुपारच्या उन्हात दोन घोंगड्या पांघरून पळू लागला. अंगातलं पाणी खरोखरच उतरायला लागलं. ओठ फुटले, डोळे आत गेले, जीभ टाळूला चिकटून बोलणं जड झालं. आदल्या दिवशी अजून पावशेर-अर्धा शेर जास्त भरतंय असं दिसल्यावर उस्तादांनी त्याला न्हाव्यापुढे बसवलं आणि डोक्याचा चकोट करून टाकला. संध्याकाळी तो दारात उभा राहिला आणि रुखमाबाईंच्या हातातली परात खाली पडली.

“बाप जिता हाय ना तुह्या,” त्या म्हणाल्या. “काहून असं केलं गा?”

चंपतराव खाटेवर बसून बिडी ओढत होते. त्यांनी पोराच्या डोक्याकडे नीट पाहिलं आणि एवढंच विचारलं, की बे, केसाले असं वजन तरी किती असते? रुखमाबाईंनी त्या रात्री जेवण केलं नाही.

संक्रांतीची सकाळ. मैदानाकडे जाताना बोळातला प्रत्येक दरवाजा उघडत होता आणि प्रत्येक हात तिळगुळ पुढे करत होता. सणाचा तिळगुळ नाही म्हणायचा तरी कसा? रुपराव घ्यायचा, गोड बोलायचा आणि खिशात टाकायचा. तिळाच्या वासाने त्याच्या तोंडाला पाणी सुटेल एवढं पाणीही अंगात नव्हतं. मैदानात कपडे काढून तो पारड्यात बसला. गुळगुळीत डोकं, बरगड्या मोजून घ्याव्यात असं अंग. पारडं खाली गेलं, थबकलं, वर आलं, हेलकावलं आणि मापांच्या बरोबरीत थांबलं. मनगटावर शाईचा शिक्का बसला. महादेवरावांनी त्याला उचलून मिठी मारली.

सामना दुपारी होता. शिक्का बसला म्हणजे आता वाटेल ते खायला मोकळीक, आणि ज्या तिघांनी त्याला दोन महिने फिरवलं होतं ते तिघंही तयारीनिशी आले होते. महादेवरावांनी आटवलेलं बदामाचं दूध आणलं होतं. श्रीधरने केळी आणि ग्लुकोजचं पाणी आणलं होतं, ताकद लगेच रक्तात जाते म्हणून. रुखमाबाई डबा घेऊन आल्या होत्या. संक्रांतीची गुळाची पोळी, वर तुपाची धार, खिचडी, वांग्याची भाजी. उस्तादांचं घेतलं आणि आईचं नाकारलं असं करता येत नव्हतं, आईचं घेतलं आणि श्रीधरचं परत पाठवलं तर तो रुसला असता. रुपरावने सगळ्यांचं घेतलं. पाण्यासाठी वखवखलेलं ते पोट, त्याने आधी पाणी ढोसलं, मग दूध, मग पोळ्या. आणि आई शेजारी बसून वाढत राहिली.

दुपारी साहेब लोक खुर्च्यांवर येऊन बसले. रुपराव पहिल्या चढाईला निघाला, भिंतीवरच्या पोरांनी आरोळी ठोकली आणि मधल्या रेषेच्या दोन पावलं पुढे गेल्यावर त्याला कळलं की दम नाही. दम नाही म्हणजे आहे, पण तो पोटाच्या वर कुठेतरी अडकून बसलाय. पाय जड, पोट डचमळतंय, कानात घूं घूं. समोरच्या मौद्याच्या संघातल्या एका सडपातळ पोराने त्याचा घोटा धरला आणि तो सुटायची धडपडही न करता बसला. दुसऱ्या चढाईतही तेच. उत्तरार्धात त्याने जोर करून उडी मारली आणि रेषेजवळ खाली वाकून सगळ्यांसमोर ओकला. गुळाची पोळी, दूध, केळी, सगळं. कोणी हसलं नाही, हे तर त्याहून वाईट. मंडळ हरलं. साहेबांनी मौद्याच्या त्या सडपातळ पोराच्या मोठ्या भावाला, जो वजनात न बसल्याने कडेला बसला होता आणि चांगला दणकट होता, बोलावून नाव लिहून घेतलं.

जाताना त्यातले एक साहेब रुपरावजवळ थांबले. तो बादलीजवळ बसून तोंड धूत होता.

“मागच्या वर्षी मौद्याला बिनकाट्याच्या सामन्यात तुझा खेळ पाहिला होता मी,” ते म्हणाले. “आमचा संघ खुल्या गटातला. साठ-बासष्टची माणसं लागतात आम्हाला. तुझ्याचसाठी आलो होतो. एवढा कसा वाळलास? आजारी होतास का?”

वाक्य रुपरावला समजलं, पण ते डोक्यात कुठे ठेवावं ते कळेना. आठवड्यापूर्वी तो एकोणसाठचा होता, दम लांब होता, अंग भरलेलं होतं. त्याच अंगाने तो या साहेबांपुढे उभा राहिला असता तर? पण काट्याने बसू दिलं असतं का? आणि वजन उतरवायचं कोणी ठरवलं, साहेबांनी की आपणच? तो म्हणाला, नाही साहेब, आजारी नव्हतो. साहेब मान हलवून निघून गेले.

घरी पोचेपर्यंत सगळं मुसळ केरात गेल्याचं दुःख बाजूला राहिलं आणि कोण चुकलं याची वाटणी सुरू झाली. महादेवराव म्हणाले, तक्त्याने अंगातली ताकद नेली. श्रीधर म्हणाला, घोंगडीने पाणी नेलं. बोलता बोलता त्याने स्वतःची बाजू सावरायला रुखमाबाईंना विचारलं, उपासाला नेमकं किती काय घालत होतात? त्यांनी सरळपणे सांगितलं. साबुदाणा एवढा, दाणे एवढे, तूप एवढं. श्रीधर बोटांवर मोजायला लागला आणि मध्येच थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, की काकू, उपासाच्या एका दिवसात तो जेवणाच्या दोन दिवसांएवढं खात होता. महादेवरावांनी खाली पाहिलं. शिऱ्याच्या वाट्या त्यांनाही आठवल्या असणार. दोघंही लवकरच उठून गेले.

रुखमाबाई चुलीपुढे बसून राहिल्या. रुपराव भिंतीला टेकून बसला होता, उघडं डोकं गुडघ्यांवर. चंपतराव पाळीवर गेले होते.

“पोरा,” त्या म्हणाल्या, “मीच तुले बुडवलं का?”

रुपरावला नाही म्हणायचं होतं. तोंडात तसं आलंही. पण उपासाच्याच दिवसांत तो सगळ्यात चांगला खेळला होता आणि साहेबाला तोच रुपराव हवा होता. मग आईने बुडवलं की तारलं? तक्ता खरा होता, घाम खरा होता, आईची माया तर खरीच होती. सगळं खरं असून हे असं काहून झालं? त्याला राग कोणाचा धरावा ते कळेना आणि त्यामुळे जास्तच रडू आलं.

“मले नाही समजत, माय,” तो म्हणाला.

रुखमाबाई उठल्या. ताट घेतलं, पाणी ठेवलं, भाताचं पातेलं जवळ ओढलं. सव्वीस वर्षांत त्यांनी या पोराला वाढताना कधी विचारलं नव्हतं. तो पुरे म्हणायचा आणि त्या एक पळी आणखी टाकायच्या, त्याने ताटावर हात धरला तर बोटांच्या फटीतून टाकायच्या. आज त्यांनी भाताने भरलेली पळी उचलली आणि हात ताटावर येऊन तसाच थांबला.

“किती वाढू?” त्यांनी विचारलं.

रुपरावने वर पाहिलं. काहीतरी सांगायला पाहिजे होतं, थोडा म्हणावं की पुरता म्हणावं, निदान एक आकडा. त्याने पोटावर हात ठेवून पाहिला, पण आपल्याला किती लागतं तेच त्याला कळेना. आई पळी धरून उत्तराची वाट पाहत राहिली.